आईने घरोटाचा खुंटा हलवून पाहिला

मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या लग्नाला आईला घेऊन जळगावला गेले होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गाडीला चार तास होते. आई म्हणाली, "बहिणाबाईचं घर पाह्यचं राहून गेलं माझं." आई ब्याऐंशी वर्षांची. माहेर यावल तालुक्यातलं, शाळा चौथीपर्यंत. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, बहिणाबाई दर वर्षी शिकवल्या. पण त्यांची गाणी आईला जशी येतात तशी मला येत नाहीत. मी ती पुस्तकात वाचली. तिने ती चालीसकट ऐकली आणि काम करता करता म्हटली.

जुन्या जळगावात चौधरी वाड्यात ते घर आहे. आसोद्याची पोर तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आली, तरुणपणीच विधवा झाली, पोरं वाढवली, शेत राखलं, आणि हे सगळं करता करता गाणी रचली. अक्षरओळख नव्हती. जैन उद्योगसमूहाच्या फाउंडेशनने हे घर जपलंय, आणि मनापासून जपलंय. रोजच्या वापरातली भांडी, शेतीची अवजारं, देवपूजेचं सामान, सगळं आहे. मी शिक्षकाच्या सवयीने भिंतीवरचा मजकूर वाचत पुढे गेले. मागे वळून पाहिलं तर आई जात्याशी खाली बसलेली. गुडघे दुखतात म्हणून घरी ती पाटावरसुद्धा बसत नाही.

तिने खुंट्याला हात लावून हलवून पाहिला. मग जात्याच्या तोंडात दोन बोटं घातली. वरच्या तळीच्या कडेवरून तळहात फिरवला. तिथे उभ्या असलेल्या मुलाला म्हणाली, "भाऊ, खुटा ढिला झाला. पाचर ठोका याले. अन् टाकी कव्हा लावली व्हती?" त्या मुलाला टाकी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आईने त्याला सगळं समजावलं. जातं झिजून गुळगुळीत झालं की दाणा फुटत नाही, नुसता घरंगळतो. मग टाकी लावणाऱ्या माणसाला बोलवायचं, तो छिन्नीने दगडाला पुन्हा खाचे पाडून देतो. त्यानंतरचं पहिलं दळण खरखरीत निघतं, ते जनावराला घालायचं, घरच्यांना द्यायचं नाही. मुलगा मन लावून ऐकत होता. आमच्यामागे आलेलं एक कुटुंबही थांबलं. दहा-बारा मिनिटं माझी आई त्या घराची मालकीण असल्यासारखी बोलत होती.

खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. बहिणाबाईंची घरोटावर कविता आहे, मी ती कितीदा शिकवली. पण दाणे वैरताना हात कुठे असतो, खुंटा एकीने ओढायचा की दोघींनी, दोघी बसल्या तर गाणं कोण उचलतं आणि कोण पुरं करतं, यातलं काही मी वर्गात सांगितलं नाही. मलाच ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी समजलं, ती कविता बसलीय जात्याच्या एका फेऱ्याच्या मापात. श्वास जिथे संपतो तिथे ओळ संपते.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. आज ती सविस्तर लिहितेय.

लेखकाचं घर पाहायला गेलं की आपण पहिल्यांदा टेबल शोधतो. खुर्ची, दौत, चष्मा, हस्ताक्षर. मीही शोधायचे. मुलगी इंग्लंडमध्ये असताना तिच्यासोबत चॉटनला इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेनच्या घरी गेले होते. खिडकीजवळ तिचं बारा कोनांचं इवलंसं टेबल आहे, आपल्याकडे दोन कप चहा ठेवायला वापरू तेवढं. ते बघून माझे डोळे भरून आले होते. बहिणाबाईंच्या घरात तसलं टेबल सापडणार नाही, कारण त्या लिहीतच नव्हत्या. गाणी उतरवून घेतली ती मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या आणखी एका नातलगाने. बाई गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांच्या पुढे आली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. म्हणजे कवयित्रीने स्वतःचं पुस्तक पाहिलंच नाही. अशा बाईचं लिहिण्याचं टेबल म्हणजे तिचं जातं, तिची चूल, तिचं शेत. ते राखलं तरच तिचं घर राखलं.

आणि हे फक्त तिच्यापुरतं खरं नाही. मला वाटतं, कुठल्याही लेखकाचं घर राखायचं तर त्याच्या खोलीइतकंच त्याचं स्वयंपाकघर राखायला हवं. पाणी कुठून भरलं जायचं, दिवा कुठे असायचा, आजारी माणूस कुठे निजायचा, पाहुणा आला की पोरं कुठे सरकायची, हे दिसायला हवं. लेखन त्या सगळ्याच्या मधूनच वाट काढत झालेलं असतं.

आपल्याकडे मात्र घर राखण्यापेक्षा स्मारक बांधण्याची हौस दांडगी. लेखक गेला की वर्षभरात समिती होते. मग जागा मागायची, निधी मागायचा, सभागृह बांधायचं, दारात अर्धपुतळा बसवायचा, कोनशिलेवर मान्यवरांची नावं कोरायची. ज्या घरात माणूस राहिला ते घर तोवर कुणीतरी विकलेलं असतं.

आमच्या गावाजवळ हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. तालुक्यात एक कवी होते. नाव लिहीत नाही, घरच्यांना त्रास नको. मी नवी शिक्षिका असताना त्यांच्या ओटीवर बसून त्यांच्या तोंडून कविता ऐकल्यात. ओटीच्या खांबाला त्यांच्या पाठीचा तेलकट डाग पडला होता, इतकी वर्षं ते एकाच जागी टेकून बसायचे. ते गेले, मुलं शहरात होती, घर पडायला आलं. आम्ही चार शिक्षकांनी अर्ज केले, चकरा मारल्या. सगळे सहानुभूतीने ऐकायचे. शेवटी घर पाडलं गेलं, आणि पुढे काही वर्षांनी गावाबाहेर त्यांच्या नावाने सभागृह झालं. त्या सभागृहात मी एकदाच गेले. आत त्यांची एकही ओळ लावलेली नाही. तो खांब तरी मागून घेतला असता तर, असं आजही वाटतं. मी मागितला नाही, त्याची रुखरुख आहे.

म्हणून मालगुंडला गेले की बरं वाटतं. गणपतीपुळ्याला जाणारे हजारो लोक तिथून जेमतेम दोन किलोमीटरवर असतात, पण त्यातले थोडेच वळतात. केशवसुतांचा जन्म १८६६ सालचा, मालगुंडचा. कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने ते जन्मघर राखलं आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथेही स्मारक आहेच, ग्रंथालय आहे, अंगणात कविता कोरलेल्या शिळा आहेत. पण मधोमध घर आहे. आधी घरात शिरायचं, मग बाकीचं, हा क्रम मला फार योग्य वाटतो. मी गेले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता, पागोळ्या गळत होत्या, आणि माजघरात भरदुपारी इतका अंधार की डोळे सरावायला वेळ लागला. तुतारी फुंकायला सांगणारा कवी अशा अंधाऱ्या माजघरात जन्मला. हे वर्गात मला कधीही सांगता आलं नसतं.

केशवसुतांना ते घर फार लाभलं नाही. मास्तरकी करत मुंबई, मग खानदेशात भडगाव, फैजपूर, मग धारवाड. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले, चाळिशीही गाठली नाही. फैजपूर माझ्या आईच्या तालुक्यातलं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला केशवसुत फैजपूरला शाळेत शिकवत होते, आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर जळगावात विशीतल्या बहिणाबाई दळण दळत होत्या. एक आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणवला गेला. दुसरीची कविता जगाला कळायला अजून पन्नास वर्षं होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मालगुंड आणि जळगाव ही दोन्ही घरं पाहिल्यावरच हे माझ्या लक्षात आलं. पुस्तकात दोघं वेगवेगळ्या प्रकरणांत असतात.

पालगडचं साने गुरुजींचं घर वेगळ्या कारणाने जवळचं. दापोली तालुक्यातलं हे गाव आपण सगळ्यांनी लहानपणी वाचलेलं आहे, न बघता ओळखतो. पण गुरुजींनी 'श्यामची आई' तिथे लिहिली नाही. ती लिहिली नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, चार-पाच दिवसांत. आई जाऊन तोवर पंधराहून अधिक वर्षं झाली होती. घर हातातून निसटलेलं, आई गेलेली, माणूस गजाआड, आणि त्याला अंगण, विहीर, तुळस, शेजारणी सगळं जसंच्या तसं दिसतंय. त्या पुस्तकात घराच्या जप्तीची दवंडी आहे, आठवतं? ज्यांच्या घराची दवंडी गावातून पिटली गेली त्यांचं घर आज लोक चपला बाहेर काढून पाहतात. पालगडला जाणार असाल तर पुस्तक सोबत घ्या आणि तिथे बसून त्यातली एखादी 'रात्र', म्हणजे एखादं प्रकरण, मोठ्याने वाचा. आमच्या शाळेची सहल नेली होती तेव्हा आम्ही असं वाचलं. सातवीची मुलं, एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाहीत. वाचणारी मुलगी मध्येच रडायला लागली, मग दुसरीने पुस्तक घेतलं.

नाशिकला टिळकवाडीतलं कुसुमाग्रजांचं घर तर मी त्यांच्या हयातीतही बाहेरून पाहिलेलं. आत जायचा धीर झाला नाही तेव्हा. नंतर गेले. इतका मोठा माणूस, १९८७ चं ज्ञानपीठ, आणि राहणी एवढी साधी. पुरात घर वाहून गेलेला विद्यार्थी सरांकडे येतो, ती कविता लिहिणाऱ्याचं हे घर. त्या कवितेतल्या विद्यार्थ्यासारखी किती माणसं त्या दारातून खरोखर आत गेली असतील. तिथे उभं राहिलं की कवितेतला "सर" शब्द वेगळा ऐकू येतो.

मात्र घरं कुणाची राहतात आणि कुणाची राहत नाहीत, हे बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्यांचं मालकीचं घर होतं, वाडा होता, चिरेबंदी भिंत होती, त्यांचं राहण्याचा निदान संभव असतो. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. घाटकोपरच्या चिराग नगरच्या झोपडीत राहून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ ची 'फकिरा' बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १९६९ मध्ये गोरेगावला वारले. चिराग नगरच्या स्मारकाचं आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. माझं म्हणणं एवढंच की ते होईल तेव्हा तिथे झोपडीच्या मापाची एक खोली असू द्या. तेवढीच उंची, तेवढाच दरवाजा, पत्र्यावर पावसाचा तोच आवाज. बाकी भव्य काय करायचं ते करा, पण मुलांना त्या खोलीत वाकून शिरू द्या. नारायण सुर्वेंचंही तसंच. गिरणीकामगार गंगाराम सुर्व्यांना रस्त्यावर सापडलेलं हे पोर. त्यांनी त्याला घरी नेलं, आपलं नाव दिलं. अशा कवीचं घर कुठलं म्हणाल? मला विचाराल तर लालबाग-परळची एखादी चाळ, नळावरच्या रांगेसकट आणि लाकडी जिन्यासकट, जशी होती तशी राखणं हेच त्यांचं घर राखणं होतं. त्या चाळींच्या जागी आता काय उभं आहे ते तुम्ही बघताच.

राखलेल्या घरांतही आपण एखादं माणूस विसरतो. पुण्यात गंज पेठेतला फुले वाडा घ्या. शाळा मुलांना नेतात, जोतीरावांची समाधी दाखवतात, १८६८ साली अस्पृश्यांना खुला केलेला हौद दाखवतात. दाखवायलाच हवं. पण हे एका कवयित्रीचंही घर आहे असं कुणी मुलांना सांगताना मी ऐकलेलं नाही. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा, म्हणजे केशवसुतांच्या जन्माच्या बारा वर्षं आधीचा. मी मुलांना तिथे नेते तेव्हा अंगणात उभं करून आधी सावित्रीबाईंची एक कविता म्हणून घेते. मगच आत जायचं, असा आमचा नेम आहे.

आणि राजगृह. दादरच्या हिंदू कॉलनीतलं हे घर बाबासाहेबांनी मुळात पुस्तकांसाठी बांधलं. लोक घर बांधतात आणि मग त्यात पुस्तकांना एक कपाट देतात. इथे पुस्तकं राहायला होती आणि माणसं त्यांच्या सोबतीला. लंडनला किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे, १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना ते तिथे राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. पुढे संग्रहालयाच्या परवानगीवरून तिथल्या नगरपालिकेशी वाद झाला आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. मुलीबरोबर मी तिथे गेले होते. शांत गल्ली, ओळीने सारखी घरं. रोज सकाळी हा तरुण इथून ग्रंथालयाकडे निघत असेल, खिशात पैसे मोजके, पोटात कमी. मी पायरीला हात लावून नमस्कार केला. शेजारी एक नागपूरचं कुटुंब होतं. त्यांची आजी पायरीवर टेकली आणि बराच वेळ उठलीच नाही. कुणी तिला उठ म्हणालं नाही.

तेव्हा पैसा नाही, कायदा नाही, घरमालक ऐकत नाही, या सबबी मला आता पटत नाहीत. मनात आणलं तर आपलं सरकार लंडनमध्ये घर घेऊ शकतं. स्ट्रॅटफर्डचं शेक्सपिअरचं जन्मघरसुद्धा सुखासुखी राहिलेलं नाही. त्याच्या एका भागात खाटकाचं दुकान होतं, दुसऱ्यात खाणावळ. १८४७ मध्ये ते लिलावात निघालं तेव्हा लोकांनी वर्गणी काढून तीन हजार पौंडांना घेतलं. त्या वर्गणीसाठी डिकन्ससारखा लेखक राबला होता. शेजारच्या कर्नाटकात कन्नड कवी कुवेंपूंचं कुप्पळीचं घर आहे. मलनाडचं जुनं चौसोपी घर, आत भाताची कोठारं, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं बघायला मिळतं. कन्नड माणसं मुलाबाळांना घेऊन तिथे जत्रेसारखी जातात. आपण महाबळेश्वरला जातो, गणपतीपुळ्याला जातो. गणपतीपुळ्याहून मालगुंडला गाडी वळवायला दहा मिनिटं लागतात.

जी घरं आज उभी आहेत त्यांच्यासाठी माझी मागणी फार मोठी नाही. पुतळा नको, काचेची कपाटं कमी करा. लेखकाची पुस्तकं वाचायला ठेवा, हातात घेता येतील अशी, आणि बसायला एक सतरंजी घाला. ज्या वस्तू चालवता येतात त्या चालत्या ठेवा. मूळ जातं राखायचं असेल तर शेजारी दुसरं ठेवा, पण पोरांना मूठभर दाणे वैरून बघू द्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना महिन्यातून एकदा बोलवा. त्या वस्तूंची नावं त्यांनाच ठाऊक आहेत, आणि ती माणसं झपाट्याने चाललीत. आईने त्या मुलाला सांगितलेलं मी फोनवर टिपून ठेवलं नसतं तर मीसुद्धा आठवड्यात विसरले असते.

जळगावहून परतल्यावर आईने भावाला माळ्यावरचं आमचं जातं खाली काढायला लावलं. पंचेचाळीस वर्षं ते पोत्याखाली होतं. टाकी लावणारा माणूस शोधायला भावाला तीन आठवडे लागले. शेवटी आठवडी बाजारात पाटे-वरवंटे विकणारा एकजण मिळाला. त्याने अर्ध्या दिवसात काम केलं आणि पैसे घ्यायच्या आधी स्वतः एक फेरा फिरवून आवाज ऐकला. पहिलं दळण आईने शेजारच्या गायीला घातलं.

आता रविवारी दुपारी ती पसाभर तूर भरडते. जोर नाही, दुसऱ्या बाजूने मी ओढते. डाळ फार निघत नाही, पण फेरा धरला की तिला गाणी आठवतात. बसून विचारलं तर एक आठवत नाही. आतापर्यंत दोन अशी निघाली जी मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाहीत. आधी मला वाटलं बहिणाबाईंची असतील, म्हणून संग्रह चाळला. आई हसली. म्हणाली, "ती माझ्या मायची." दोन्ही लिहून घेतलीत, खाली आजीचं नाव घातलंय. तिसऱ्याची पहिली ओळ मागच्या रविवारी आली, दुसरी अजून आलेली नाही.